सुट्टी सगळ्यांची, रविवार एकच

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जीव गेले. अशी घटना घडली की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते लोकांना शिस्त नाही, दुसरी म्हणते प्रशासन झोपलं होतं. मग मनाई आदेश निघतो, त्यानं टपरीवाल्यांचा हंगाम बुडतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "परदेशात बघा, लोक कसे वागतात."

या दोन्ही तारखा रविवारच्या होत्या, ही गोष्ट त्या वादात कुठेच येत नाही. जर्मनीत राहून आपल्याकडचे हे वाद वाचताना मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथली माणसं आपल्यापेक्षा गुणी आहेत म्हणून इथली डोंगर-तळी तग धरून आहेत, असं मला वाटत नाही. इथे गर्दीची वेळ कुणीतरी आधी बसून वाटून दिलेली आहे, आणि बरीचशी शिस्त त्या वाटणीतून येते.

शाळेच्या सुट्ट्यांचंच बघा. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यांना एकदम लागत नाही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरतात, त्यात प्रत्येक राज्याला साधारण सहा आठवडे मिळतात, आणि आधी कोण, नंतर कोण हे दरवर्षी फिरत राहतं. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्ग ही दक्षिणेतली दोन राज्यं तेवढी कायम शेवटी असतात आणि बाकीच्यांना ते खुपतं. या तारखा काही वर्षं आधीच जाहीर होतात. नेदरलँड्स तर आकारानं महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान, तरी त्यांनी शाळांचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग केले आहेत. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंतातल्या सुट्ट्यांसाठी अ, ब, क असे तीन विभाग आहेत, पण उन्हाळ्याची सुट्टी मात्र साऱ्या देशाला एकच. त्यामुळे जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिथले महामार्ग तुंबतात. १९७५ च्या ऑगस्टमध्ये अशीच प्रचंड कोंडी झाली, आणि १९७६ पासून सरकार 'बिझाँ फ्यूते' नावाचं वेळापत्रक काढू लागलं. त्यात प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग असतो, जाण्यासाठी वेगळा आणि परतीसाठी वेगळा. माणसं तीच, रस्ते तेच, फक्त वेळ वाटलेली नाही, तर फ्रान्समध्येही आपल्यासारखंच होतं.

जड वाहनांचीही अशीच वाटणी आहे. जर्मनीत १९८५ पासून एक नियम आहे. १ जुलै ते ३१ ऑगस्ट या काळात दर शनिवारी सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत साडेसात टनांवरचे ट्रक ठरावीक महामार्गांवर चालवायचे नाहीत. रविवारी तर वर्षभरच रात्री १० पर्यंत बंदी असते. आपल्याकडेही गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना द्रुतगती मार्गावर जड वाहनं थांबवतात, आणि ते योग्यच आहे. पण आपला आदेश दरवेळी नव्यानं, ऐनवेळी निघतो. तोवर माल भरून झालेला असतो, आणि चालक टोलनाक्याच्या अलीकडे रात्र काढतो. हीच तारीख जानेवारीत छापली तर त्याची ती रात्र वाचेल.

आपल्याकडे याला आधार नाही असंही नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे एकाच राज्यात दोन तारखा चालतात, हे आपण कधीच मान्य केलं आहे. दिवाळी-गणपती हलवता येणार नाहीत, हलवूही नयेत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीची सुरुवात आणि शेवट सहा महसूल विभागांत आठ-दहा दिवसांच्या फरकानं ठेवला तरी कोकणच्या गाड्यांवरचा आणि महाबळेश्वरच्या घाटावरचा ताण पसरेल. याला आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. नाशिकची भावंडं आणि ठाण्याची भावंडं मामाकडे एकत्र जमायची ती याच सुट्टीत. एकाच घरातली दोन मुलं वेगवेगळ्या बोर्डांत असली तर त्यांचा मेळ आधीच बसत नाही, तो आणखी बिघडेल. म्हणून फरक महिनाभराचा नको, आठवड्या-दीड आठवड्याचा पुरे.

परदेशातून उपदेश करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानंच मिळते. त्याला मंगळवारी डोंगरावर जाणं परवडतं. पुण्या-मुंबईत दुकानात, कारखान्यात, कुरिअरवर राबणाऱ्याला रविवारच मिळतो, काहींना तोही नाही. त्यानं रविवारी धबधब्यावर जाऊ नये असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही. ज्यांना रजा टाकता येते त्यांनी रविवार सोडावा, म्हणजे ज्याला रविवारच आहे त्याला जागा होईल. जबाबदार पर्यटनाची मी पहिली अट हीच धरेन.

आता माणसं मोजून सोडण्याबद्दल. व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो लावले. २०२५ मध्ये असे ५४ दिवस ठरवले, आणि उशिरा नोंदणी करणाऱ्याला १० युरो. मुक्कामाला राहणाऱ्यांना हा आकार नाही, कारण ते हॉटेलात राहणीकर देतातच. तिथे यावर भांडण चालू आहे, आणि एवढ्यानं गर्दी हटत नाही असं म्हणणारे बरेच आहेत. आपल्या बाजूला बघितलं तर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात उटीच्या निलगिरी जिल्ह्यासाठी रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा होती. शनिवार-रविवारची मर्यादा जास्त ठेवायची, हे मला उलटं वाटतं. डोंगराची ताकद रविवारी वाढत नाही.

या बाबतीत साताऱ्याचं कास पठार जगाला दाखवण्यासारखं आहे. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरही नाही. त्या थरात वर्षभर दबून राहिलेलं बी पावसाळ्यात काही आठवडे फुलतं. एक बूट पडला की माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या जागी नुसता खडक दिसतो. म्हणून दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी. तरी चुका होतात. नोंदणी न करता लोक पोचतात, आत सोडलं नाही की राखीव भागाबाहेरच्या फुलांत बसून फोटो काढतात. बाहेरचं पठारही तेवढंच नाजूक आहे. नोंदणी नसेल तर साताऱ्यातूनच मागे फिरा. माथेरानही आपलंच. दस्तुरीच्या वाहनतळापुढे खासगी गाडी नाही, हा नियम आल्प्समधल्या कितीतरी गावांना अजून जमलेला नाही. पण तिथेही शनिवारी सकाळी वाहनतळ भरतो आणि रांग घाटात उतरते. कर्जत लोकलनं नेरळ आणि तिथून शटल टॅक्सी केली तर या रांगेत उभं राहावंच लागत नाही.

रजा टाकून जाणाऱ्यांनी एक करून बघावं. शनिवारी पहाटे निघू नका, कारण सगळेच तेव्हा निघतात आणि सकाळी आठपासून घाट भरतो. रविवारी दुपारी जेवून निघा, मंगळवारी परत या. जाताना शहराकडे परतणारी गर्दी समोरच्या बाजूला असते, खोलीचं भाडं उतरलेलं असतं, आणि यजमानालाही दोन रिकाम्या रात्रींचे पैसे मिळतात.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, सकाळी ८ वाजता. इथे हमखास होणारी चूक तारखेची. मुंबईहून रात्री ११ नंतर सुटणारी गाडी पनवेलला बारानंतर येत असेल, तर पनवेलचं तिकीट पुढच्या तारखेचं लागतं. घरातले शुक्रवारी रात्री निघणार म्हणून शुक्रवारचं तिकीट काढतात, आणि त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. ऑनलाइन काढलेलं प्रतीक्षायादीतलं तिकीट तक्ता लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. आरएसी असेल तर मात्र चढता येतं.

घाटात ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरा. गाडी न्यूट्रलवर टाकून डिझेल वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. तसं झालं तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक वाऱ्यावर थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं की ती वाकडी होते. आणि रांग सोडून उजवीकडून पुढे घुसू नका. घाट तुंबतो तो बहुतेक वेळा इथेच. समोरून उतरणाऱ्यांची वाट बंद झाली की वरचे खाली येत नाहीत, खालचे वर जात नाहीत, आणि अडकलेल्यांत रुग्णवाहिकाही असते. जर्मनीत बहुपदरी रस्त्यावर वाहतूक चालण्याच्या वेगावर आली की सायरनची वाट न बघता मधून वाट करावी लागते, नाहीतर २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा आपल्या द्रुतगती मार्गावर सगळ्यात उजव्या मार्गिकेतल्यांनी उजव्या कडेला आणि बाकी सगळ्यांनी डावीकडे सरकायचं. दंडाची वाट न बघताही एवढं करता येतं.

धबधब्यावर उभं असताना आपल्या डोक्यावर पाऊस आहे का, याला फारसा अर्थ नाही. वर डोंगरात पडला की पाणी खाली यायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की त्याच क्षणी बाहेर पडायचं, पिशवी-चपला राहिल्या तरी. ज्या काठानं परत जायचं त्याच काठाला थांबा, मधल्या खडकावर जाऊ नका. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान गाडी.

समुद्राची वेळ काढायला कोकणातल्या माणसाला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी आणि ओहोटी दोहोंच्या मध्ये. अदमासाला हे पुरतं, जिवाचा प्रश्न असेल तेव्हा त्या बंदराचं छापील वेळापत्रक बघा आणि गावात विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सगळ्यात मोठी, आणि ती येते नेमकी पर्यटक वाळूवर असतात तेव्हा, दुपारच्या तोंडावर. सकाळी आठला कडक ओल्या वाळूवर उभी केलेली गाडी अकराला पाण्यात असते. चाकांखालची वाळू लाटेनं निघून जाते आणि गाडी जितकी रेटावी तितकी रुतते. मग ती काढायला गावातलीच माणसं ट्रॅक्टर आणि दोर घेऊन धावतात. गाडी वाळूवर नेऊच नका, तिथे कासवं अंडी घालतात.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच हिशेबानं करायची. पायऱ्या उतरून वाट खडकांवर येते आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला लाट, मधे पळायला जागा नाही. सप्तमी असेल तर पहाटे सव्वापाचला भरती, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमाराला. निघायचं दहाला, पाणी अजून मागे जात असताना, म्हणजे ओहोटी पूर्ण व्हायच्या आत तुम्ही वर पोचलेले असाल. साडेबाराला पोचून "पाणी तर लांब आहे" म्हणत उतरलात, तर तोवर ते परत यायला निघालेलं असतं.