मेरी क्युरी पोस्टडॉकला भारतीयांना बंदी? फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सौरघट आणि बॅटरीच्या पदार्थांवर संगणकीय काम करणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप फक्त युरोपीय नागरिकांना. भारतीयांनी एजंटकडे शुल्क भरून नोंदणी करावी. व्हास्पचा परवाना नसेल तर अर्ज करू नये.’ मेरी क्युरी ही पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी युरोपीय संघ देतो ती फेलोशिप, आणि व्हास्प हे पदार्थांचे गुणधर्म संगणकावर काढणारं, परवाना लागणारं सॉफ्टवेअर. मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

युरोपात जाऊन काम करायच्या फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अटच नाही. अंतिम तारखेपर्यंत पीएचडी झालेली हवी, आणि यजमान देशात (जिथल्या संस्थेत काम करायचं तो देश) त्या तारखेआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य किंवा काम नसावं. पुण्याहून थेट जाणाऱ्याला ही अट सहज पार होते. जर्मनीत पीएचडी करून तिथेच थांबू पाहणाऱ्याला मात्र ती आडवी येते. शुल्क नाही. अर्ज यजमान संस्थेच्या साथीने युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर भरतात, त्यामुळे आधी मार्गदर्शक शोधा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर तशीच गणितं करणारं क्वांटम एस्प्रेसो मोफत मिळतं. सिलिकॉनची दोन अणूंची एकक पेशी, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वात लहान तुकडा, साध्या लॅपटॉपवर सुटते. पीबीई या नेहमीच्या अंदाजे गणनेच्या पद्धतीने बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वाहण्याजोगं मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण 0.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट येतो, प्रत्यक्षात तो 1.1 च्या आसपास आहे. ही तूट का पडते आणि सौरघटाचा पदार्थ निवडताना ती कशी भरून काढायची, हे नीट मांडता येणं मला कुठल्याही परवान्यापेक्षा मोलाचं वाटतं.

एजंटला पैसे दिले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.