कुरुपाला मूळ नसतं

तळपायाच्या कुरुपाला झाडासारखं मूळ असतं आणि ते ब्लेडने खोदून काढलं की कुरूप कायमचं जातं, असा मेसेज सध्या फिरतोय. कळकळीने सांगते, असं करू नका.

कुरूप म्हणजे एकाच जागी सतत दाब आणि घर्षण होऊन जाड, टणक झालेली कातडीच. तिच्या मधोमध पिवळसर कडक भाग शंकूसारखा आत टोचत असतो, त्यालाच लोक मूळ समजतात. तो काढला आणि बूट तेच घट्ट राहिले, तर कुरूप पुन्हा येणारच. म्हणून आधी पायताण बदला. बोटांना ऐसपैस जागा हवी, टाच कमी हवी, तळ मऊ हवा. पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कातडी मऊ झाली की वज्रीने हलक्या हाताने घासा आणि क्रीम लावा. घाई नको, काही आठवडे लागतात.

काळे ठिपके दिसत असतील आणि चिमटीत दाबल्यावर जास्त दुखत असेल, तर ती बहुधा चामखीळ आहे. ती विषाणूमुळे होते. ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. ती कापली तर पसरू शकते.

मधुमेह असेल तर ब्लेड सोडाच, कुरुपावर लावायची, कातडी सोलणाऱ्या सॅलिसिलिक ॲसिडची कॉर्नपट्टीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. मधुमेहात पाय बधिर होऊ शकतो, आणि बधिर पायाला जखम झालेली कळत नाही आणि ती आतल्या आत चिघळत जाते.