दीड दिवसाचं कोल्हापूर

गेल्या शनिवारी पुण्याहून आतेभाऊ आला, बरोबर त्याच्या ऑफिसमधली तिघं. दीड दिवसाचा प्लॅन आधीच व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेला. अंबाबाई, मिसळ, रंकाळा, तांबडा-पांढरा, रात्री गंगावेशीत दूध कट्टा, रविवारी पन्हाळा-जोतिबा आणि जाता जाता चप्पल. यात चूक काहीच नाही, मी पण बाहेरगावी गेलो की असंच करतो. पण रात्री जेवताना त्यातला एकजण म्हणाला, "दादा तुमचं बरंय राव, निवांत लाइफ. मटण खायचं, तालमीत जायचं, ताणून द्यायची." मी त्या दिवशी सकाळी पावणेसातला पंचिंग केलेलं, तीनला सुटून घरी न जाता थेट हायवेवरच्या तावडे हॉटेलपाशी यांना घ्यायला उभा राहिलेलो, आणि शर्टाला जळक्या वाळूचा वास तसाच होता. हसलो. काय बोलणार.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. पुण्याकडनं हायवेवरून कोल्हापूरला येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या दारावरून जातो आणि त्याचं डोकं त्या वेळी मोबाईलमध्ये असतं, मिसळ कुठली चांगली ते बघत. तिकडं आत १४०० डिग्रीच्या वर तापलेलं मेटल लॅडल म्हणजे मोठ्या पळीतनं वाळूच्या मोल्डमध्ये ओतायचं चाललेलं असतं, ओतणारा माणूस डोळे बारीक करून धार बघतो, धार तुटली की कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, रिजेक्ट आणि मग माझ्या टेबलावर भांडण. हे लोक ज्या गाडीतनं आले तिचा एखादा पार्ट कोल्हापुरात ओतलेला असायची बऱ्यापैकी शक्यता आहे. नुसतं शिरोली नाही, गोकुळ शिरगाव आहे, कागल आहे, आणि या सगळ्याच्या आधीपासून गावात शिवाजी उद्यमनगर आहे. ऊस आला, उसाला नदीचं पाणी उचलायला इंजिन लागलं, इंजिन दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्री लोकांनी इंजिनच बनवायला घेतलं, असं हे वाढत गेलंय. पण उद्यमनगरात जाऊन कोण रील काढणार, ऑइल सांडलेला रस्ता आणि लेथचा आवाज.

आता तिखटाचं. पुण्या-मुंबईत हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जे लाल काहीतरी मिळतं ते मी आमच्या घरात आजपर्यंत बघितलेलं नाही. आमच्याकडं असते ती चटणी, म्हणजे तुम्ही ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणता ती. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, मसाला कुटायच्या डंकावर रांग लावायची आणि ती वर्षभर आमटीपासून पोह्यांपर्यंत सगळ्यात. तिखट असते पण जाळत नाही. पाहुण्याला मात्र घाम फुटल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून काही हॉटेलवाल्यांनी रस्स्यावर तर्रीचा थर वाढवत नेलाय, आणि आता आमचीच पोरं म्हणायला लागलीत की ओरिजिनल असंच असतं! मिसळीबरोबर पाव मागितला की पाहुणा ओळखू येतो ते वेगळंच. इथं ब्रेड मिळतो, स्लाइस. का ते विचारू नका, लहानपणापासून असंच आहे.

कुस्तीचं पण तेच. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं, बघण्यासारखंच आहे, बघाच. पण आज पेठेतलं पोरगं रात्री झोपेत बडबडतं ते फुटबॉलचं. तालमींच्या नावानं टीम आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि शाहू स्टेडियमवर यातल्या दोघांची मॅच लागली की दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून पळतात. वर्ल्डकपला गल्लीत एका बाजूला ब्राझील, दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना, आणि त्यावरनं सख्ख्या भावांत अबोला. आतेभावाच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कोल्हापुरात फुटबॉल?" म्हटलं, व्हय.

मला राग पाहुण्यांचा येत नाही खरं. दीड दिवसात माणूस किती बघणार. माझी तक्रार आमच्याच लोकांवर आहे, आम्ही त्या दीड दिवसाच्या कोल्हापूरसारखं वागायला लागलोय. घरात साधं बोलणारा माझा मित्र कॅमेरा चालू झाला की "नाद खुळा भावा" सुरू करतो. हॉटेलच्या दारात फेटा घातलेला पोरगा उभा, त्याला विचारलं तर बीकॉम झालाय, नोकरी नाही. आणि ज्यांना नोकऱ्या आहेत ते कुठं आहेत? माझ्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढून बघितला तर निम्मी हिंजवडी-चाकणला. रविवारी रात्री पुण्याच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, हातात आईनं दिलेला डबा आणि चटणीची बरणी. महापालिका झाली १९७२ ला, तेव्हापासून हद्द आहे तेवढीच, हद्दवाढीवर मोर्चे दोन्ही बाजूंनी निघतात आणि विषय तिथंच. एक हायकोर्टाचं सर्किट बेंच तेवढं २०२५ मध्ये झालं, त्यासाठी वकिलांनी किती वर्षं घासली. हे सगळं 'जगात भारी'च्या स्टिकरखाली दबून जातंय.

आणि पंचगंगा. रविवारी संध्याकाळी पाहुण्यांना घाटावर नेलं, ऊन उतरलेलं, मंदिरं, पाणी, फोटो झकास आले. मला तिथं उभं राहिलं की नदी फुटातच दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये इथं कोणी कुणाला 'कसा आहेस' विचारत नाही, 'किती फुटावर आहे' विचारतात. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की घरातली म्हातारी माणसं न बोलता खालच्या कपाटातली कागदपत्रं माळ्यावर टाकायला लागतात. २०१९ ला आमचा हायवे शिरोलीपाशी पाण्यात गेला, आठवडाभर कारखाना बंद. मावशीच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दोनदा रंग देऊनही पुसट दिसते, २०२१ ला तिच्या वर अजून एक आली. आतेभावाला ती रेघ दाखवावी म्हणून मावशीकडं नेणार होतो, पण चप्पल घ्यायला उशीर झाला. चप्पल छान मिळाली हां, घासाघीस मीच केली, थोडी चावेल म्हणून सांगितलंय.

गाडीत बसताना तो 'निवांत लाइफ'वाला मित्र म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी तुमची फाउंड्री बघायला येणार." मला एकदम बरं वाटलं. कंपनीत शब्द टाकून ठेवला, सेफ्टी शूज किती नंबरचे लागतील म्हणून मेसेज पण केला.

काल रिप्लाय आलाय. पुढच्या महिन्यात सहाजण येतायत, आणि मिसळीचं दुसरं एखादं ठिकाण सुचवा म्हणून लिहिलंय. शूजच्या मेसेजला बदामाची खूण.