ते कपाट तिथून हलणार नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. "गेटजवळचं ते पॅडचं कपाट गणपतीच्या आधी हलवावं. मांडवाशेजारी बरं दिसत नाही." खाली अकरा अंगठे. अकरा! त्यातले चार बायकांचे.

दिवसभर डोकं भणाणलंय. ऑफिसात धड काम झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

कपाट म्हणजे आमच्या लेकीचं जुनं, खेळण्यांचं, दोन कप्प्यांचं. जूनमध्ये आम्ही आठजणींनी ते गेटच्या आत, मीटरच्या भिंतीला लावलं. वरच्या कप्प्यात पॅडची पाकिटं, खाली कागदी पिशव्या आणि नव्या सुती चड्ड्या. हो, चड्ड्यासुद्धा. इलॅस्टिक गेलेल्या चड्डीवर पॅड टिकत नाही, हे आमच्याही महिनाभरानं लक्षात आलं. लागेल तिनं न्यावं, जमेल तिनं ठेवावं. वही नाही, नाव विचारायचं नाही, कॅमेऱ्याचं तोंड तिकडे नाही. प्रत्येकी महिना दोनशे रुपये. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळतंय, त्यामुळे सोळाशेत खूप येतं. वीस तारखेनंतर कपाट भराभर रिकामं होतं. पगार तेव्हाच संपतात.

मी नववीत होते, १९९४ साली. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, श्रावणातला पाऊस. आमच्याकडे घड्याच असायच्या, आईच्या जुन्या साड्यांच्या. न्हाणीमागच्या दोरीवर परकराखाली झाकून वाळत घालायच्या, पुरुषांना दिसू नयेत म्हणून. झाकलेलं कापड त्या पावसात वाळेल कसं? घटक चाचणीच्या दिवशी एकही घडी कोरडी नव्हती. आई पाणी तापवायच्या चुलीपुढे एक घडी धगीवर धरून बसली होती (सैपाकाच्या चुलीपाशी चाललंच नसतं). डोळ्यांत धूर जात होता, एक बाजू झाली की दुसरी धरायची. तेवढ्यात शेजारच्या काकू परड्यातून आल्या, पदराखालून एक विरलेली हिरवी सुती साडी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "फाड," म्हणाल्या. आणि गेल्या.

मी पेपरला कोरडी बसले. अजून काय सांगू?

आता "बरं दिसत नाही" म्हणणाऱ्यांना विचारते, कोणाला बरं दिसत नाही? गेल्या वर्षी दहा दिवस मांडव झाडणारी जी ताई होती, ती या जुलैत दोनदा कपाटाशी आलीय. तिनं झाडलेल्या जागेवर आपण आरतीला उभे राहिलो, ते चाललं. तिला लागणारी वस्तू त्या जागेच्या शेजारी नको? हे मी ऐकून घेणार नाही. कोणी काहीही म्हणो.

दुसरी तक्रार, "एक बाई एकदम पाच पाकिटं घेऊन गेली." वॉचमनकाकांनी मला सांगितलं तेव्हा क्षणभर मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, घरात चारजणी असतील. नसतील. शेजारणीला दिली असतील. विकलीसुद्धा असतील एखाद वेळी, मान्य. पण विकली तरी शेवटी वापरली बाईनंच ना? त्या काकूंनी आईला विचारलं नव्हतं, तुझ्या ट्रंकेत किती साड्या आहेत म्हणून.

कचरा होतो, हेही खरंय. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. म्हणून तर खाली कागदी पिशव्या ठेवल्यात. 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक ताई पुण्यात किती वर्षं कानीकपाळी ओरडतायत की पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, आमच्या हाताला लागतं ते. आपल्या सोसायटीत किती घरं लाल ठिपका काढतात? कपाटावर बोट ठेवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातला कचऱ्याचा डबा बघावा.

"हे सरकारचं काम आहे." आहेच! २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुंकू-बांगड्यांवर शून्य आणि पॅडवर बारा टक्के होता. बायका वर्षभर भांडल्या, तेव्हा कुठे जुलै २०१८ मध्ये गेला. माझी भाची एडिनबर्गला असते. तिकडे स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून कायदाच आहे, मागेल तिला फुकट मिळालं पाहिजे असा. लागू झाला तो दिवसही १५ ऑगस्ट! आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर या महिन्याच्या वीस तारखेचं काय करायचं?

...

जेवून पुन्हा लिहायला बसलेय. त्या चौघींवर मघाशी जरा जास्तच चिडले. आपल्या सगळ्यांनाच दुकानदारानं कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून दिलंय. ती लाज एका पावसाळ्यात जाईल कशी? आणि ग्रुपवरच्याच एकीनं, कोण ते सांगणार नाही, मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं होतं, "त्यात जाड, मोठे ठेवाल का? सासूबाईंना लघवी थांबत नाही, आणि मुलाकडे मागायचा त्यांना संकोच वाटतो." पाळीच्या पलीकडचं हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून मोठ्या पॅडची दोन पाकिटं वरच्या कप्प्यात उजवीकडे असतात. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर गणपतीतही ती तिथेच मिळतील.

रविवारच्या मीटिंगला मी जाणार आहे. आठहीजणी जाणार आहोत. मांडवाला जागा कमी पडत असेल तर कपाट दोन फूट डावीकडे सरकवू, तेवढी माझी तयारी आहे. जिन्याखाली नाही, टेरेसवर नाही, कापड टाकून झाकून तर मुळीच नाही.

संध्याकाळी आईला फोन केला होता. सगळं सांगितलं, मेसेज, अंगठे, माझा संताप. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दार नीट लागतं का गं त्या कपाटाचं? पावसाचे दिवस आहेत, ओल लागू देऊ नकोस."

दार खालून अर्धा इंच उघडं राहतं. उद्या रबराची पट्टी आणते.