जुना वेबब्राउझर कंट्रोल असताना वेबव्ह्यू२ कशाला? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमचे दोन मुद्दे आहेत: जुना वेबब्राउझर कंट्रोल (प्रोग्रॅमच्या खिडकीत वेबपान दाखवणारा तयार भाग) फॉर्मवर टाकला की चालतो, मग वेबव्ह्यू२चा (एज ब्राउझरच्या इंजिनवर चालणारा त्याचा नवा पर्याय) घाट कशाला, आणि मी दिलेला वेबव्ह्यू२चा कोड तुमच्या एक्सेल अ‍ॅडिनमध्ये (एक्सेलच्या आत चालणाऱ्या जोड-प्रोग्रॅममध्ये) नुसतं पांढरं पॅनल दाखवतो. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

मी तो कोड एका छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये तपासला आणि अ‍ॅडिनसाठी म्हणून देऊन टाकला, तसं करायला नको होतं. वेबव्ह्यू२ला कॅशे, कुकीज ठेवायला युजर डेटा फोल्डर लागतो, आपण सांगितला नाही तर तो चालू एक्झीच्या (प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलच्या) शेजारी बनवायला जातो, आणि अ‍ॅडिन म्हणजे नुसती डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने आत घ्यायची कोडची फाइल), एक्झी एक्सेलची, ती प्रोग्रॅम फाइल्समध्ये, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगीच नाही. अ‍ॅक्सेस डिनाइड येतो, पण इनिशियलायझेशन कम्प्लिटेड इव्हेंटमधलं (कंट्रोल सुरू करायचा प्रयत्न संपल्यावर येणाऱ्या सूचनेतलं) एक्सेप्शन, म्हणजे एरर, बघितलं नाही तर समोर फक्त पांढरं. वेबव्ह्यू२चं एन्व्हायर्न्मेंट (तो कुठल्या सेटिंग्जवर चालायचा ते ठरवणारा ऑब्जेक्ट) बनवताना लोकल अ‍ॅपडेटामधला (युजरला लिहिता येतं त्या जागेतला) स्वतःचा फोल्डर द्या. आणि डिझायनरमध्ये सोर्स प्रॉपर्टीत यूआरएल भरलेली असेल तर ती आधी काढा, नाहीतर कंट्रोल तुमच्या कोडची वाट न बघता डिफॉल्ट फोल्डर घेऊन सुरू होतो.

आता जुना कंट्रोल. तो इंटरनेट एक्सप्लोररच्या (आयई) इंजिनवर चालतो आणि काही न सांगता आयई७ मोडमध्ये पान दाखवतो, आजचं जावास्क्रिप्ट तिथे तग धरत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ब्राउझर एम्युलेशन (कोणत्या आयईसारखं वागायचं ती नोंद) ११००१ केलं की आयई११ मिळतं हे खरंय, पण ती नोंद एक्झीच्या नावाने होते! म्हणजे एक्सेलच्या नावाने नोंद केली की त्याच एक्सेलमध्ये बसलेल्या दुसऱ्या कोणाच्याही अ‍ॅडिनमधला तो कंट्रोल तुमच्यामुळे वेगळा वागायला लागतो, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. दुसऱ्याच्या घरात राहून असं करणं मला पटत नाही. शिवाय आयई११चा सपोर्ट विंडोज १०च्या नेहमीच्या आवृत्त्यांवर १५ जून २०२२ला संपला.

वेबव्ह्यू२ मेमरी जास्त खातो हे मात्र मान्य, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या चार-पाच प्रोसेस दिसतातच. नुसतं हेल्पचं साधं पान दाखवायचं असेल तर जुना ठेवा, मी अडवणार नाही.

कोड आज दुरुस्त करतोय. तरीही पांढरंच दिसलं तर त्या इव्हेंटमधला एरर इथे टाका, बघतो.