रस्ता सगळ्यांचा, मशीन आपली

इंदूरच्या माणसाने बर्फात जायचं ठरवलं की घरात पहिली चर्चा नाश्त्याची होते. जिरावनाची पुडी, लौंग शेवेचं पाकीट आणि आजींचा गुडघ्याचा पट्टा एवढं बॅगेत गेलं की तयारी झाली असं समजतात. ते बरोबरच आहे. फक्त एका गोष्टीबद्दल आपल्याकडे कोणी मार्गदर्शन करत नाही, म्हणून हा प्रपंच: बर्फावर पोहोचल्यावर तिथे आधीपासून असलेल्या माणसांचं काय करायचं?

जाणं तर आता अवघड राहिलेलं नाही. मालवा एक्सप्रेस कटऱ्याला नेऊन सोडते आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे जाते. रामबागेतल्या आणि लोकमान्यनगरातल्या मंडळींनी चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ते कडाक्याचे चाळीस दिवस गाठायचे आणि गुलमर्गला उतरायचं, एवढंच बाकी आहे.

तिथे तुम्हाला दोन तऱ्हेची माणसं दिसतील. एक, पायाला लांब पट्ट्या बांधून स्वतःच्या दमावर निघालेली. ही स्कीवाली. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद जाळ्या बांधून चालणारे स्नोशूवालेही त्यांच्यातलेच धरा. दुसरी, मशीनवर बसलेली. मशीन म्हणजे स्नोमोबाईल. कोणी तिला स्नो बाईक म्हणतं, कोणी स्नो स्कूटर. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, वजन दोन-अडीचशे किलो. तुम्ही कोणत्या बाजूचे हे विचारायची गरजच नाही. आपण पलासियाहून छप्पन दुकानाला जायलाही स्कूटर काढणारी माणसं.

मशीनवर बसण्याआधी एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘जागा सगळ्यांची आहे.’ हे वाक्य इंजिन चालू ठेवूनच म्हणायचं असतं. पायी चालणाऱ्याच्या तोंडून ते आजवर कोणी ऐकलेलं नाही, कारण त्याच्या हातात जागा घेण्यासारखं काही नसतं. आपल्याला या वाक्याची सवय आहेच. एबी रोडवर २०१३ साली बीआरटीएसची, म्हणजे फक्त बसगाड्यांची, वेगळी लेन झाली, तेव्हापासून सिग्नलला अडकून त्या रिकाम्या लेनकडे बघत आपण किती सुस्कारे टाकले! २०२५ साली उच्च न्यायालयाने ती काढून टाकायला सांगितली आणि शहराचा जीव भांड्यात पडला. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यात देशात आपला हात धरणारा कोणी नाही. चालणारा आणि चालवणारा वेगळा ठेवा म्हटलं की मात्र आपल्याला लगेच समानता आठवते.

हे यंत्र मुळात कशासाठी निघालं, या चौकशीत पडू नका, मजा जाते. कॅनडात क्वेबेकमध्ये आर्मां बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचं दोन वर्षांचं मूल आजारी पडलं, रस्ते बर्फाखाली, दवाखान्यात नेता आलं नाही, आणि मूल गेलं. पुढे त्याने पट्ट्यावर चालणारी बर्फगाडी काढली, १९३७ साली पेटंट घेतलं. तिच्यातून डॉक्टर गेले, टपाल गेलं, पोरं शाळेत गेली. एक-दोन माणसांची हलकी मशीन १९५९ मध्ये आली. हे सगळं आदरणीयच आहे. पण आपल्यालाही गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेपासून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचायचं असतं आणि तेही तातडीचंच काम आहे.

आता मुख्य विषय: वाट. परदेशात स्कीसाठी वाट तयार करतात, आणि ती कशी तयार होते ते नीट समजून घ्या, म्हणजे ती नीट बिघडवता येईल. दिवसभराचे लोक घरी गेले की रात्री एक अवजड गाडी फिरते. ती बर्फ कापते, उलटापालटा करते, दाबते आणि मागे बारीक रेघारेघांचा सपाट पृष्ठभाग सोडते. जुन्या पद्धतीच्या स्कीसाठी एका कडेला दोन समांतर खाचा पाडते, पट्टी बरोबर बसेल एवढ्याच रुंद. लगेच त्यावर कोणी जायचं नसतं. बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला काही तास थंडी लागते. ताटात थापलेल्या वड्यांना हात लावायचा नाही म्हणून आई दटावते, तसंच. पहाटेपर्यंत ती वाट कडक होते आणि सकाळी स्कीवाला त्या खाचांत पाय ठेवून घरंगळत जातो.

तुम्ही नेमके त्या मधल्या तासांत जा. मशीनच्या रबरी पट्ट्याला आडवे दात असतात; ते मऊ वाटेत असे बसतात की दोन खाचांचा मागमूस राहत नाही. वळणावर थोडा थ्रॉटल जास्त दिला तर मागे छान ढिगारा उडतो. त्याचा व्हिडिओ चांगला येतो. बऱ्याच मशीन एकाच वाटेवरून जोरात गेल्या की उंचवटे आणि खड्डे एकाआड एक तयार होतात, आणि मग त्या वाटेवर मशीनवाल्याचीही पाठ मोडते. पण तोवर आपण परतीच्या गाडीत असतो.

गुलमर्गला एवढा सरंजाम सगळीकडे नाही, त्यामुळे तिथे काम आणखी सोपं. सगळे एकाच उतारावर: स्लेज ओढणारे, घोडेवाले, मॅगीवाले, शिकाऊ, तुम्ही. केंद्र सरकारची स्की शिकवणारी संस्था तिथे गेल्या पन्नासहून अधिक वर्षांपासून आहे, त्यामुळे पडलेली माणसं मुबलक मिळतात. शिकाऊ माणूस पडला की लगेच उठू शकत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्या पट्ट्यांची फुली झालेली असते. आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या आणायच्या, मग काठीवर भार देऊन एकेक गुडघा. यात मिनिटभर सहज जातं. तेवढ्या वेळात तुम्ही त्याच्याजवळून दोनदा जाऊ शकता.

अशा वेळी संवाद साधारण असा होतो.

‘काका, जरा हळू. ही शिकणाऱ्यांची बाजू आहे.’

‘अगं, बर्फावर कोणाचं नाव लिहिलंय का? आम्ही इंदूरहून आलोय.’

‘मी नाशिकहून आलेय, काका.’

‘मग तर घरचीच! सरक जरा.’

यात काकांच्या आवाजातला जिव्हाळा महत्त्वाचा. तो इंजिनाच्या वर ऐकू गेला पाहिजे. स्वतःला मात्र काही ऐकू येत नसतं. हेल्मेट आणि इंजिन मिळून त्याची चोख व्यवस्था करतात. स्कीवाल्याला तुमचा आवाज लांबून येतो, फक्त दरीत घुमल्यामुळे कोणत्या बाजूने येतोय ते कळत नाही. म्हणजे ऐकणं, अंदाज बांधणं आणि बाजूला होणं ही तिन्ही कामं त्याची. अमेरिका-कॅनडातले नियम उलटे आहेत: मशीनने वेग कमी करायचा, स्कीवाल्याला वाट द्यायची, हळू पुढे जायचं, आणि बराच पुढे गेल्याशिवाय थ्रॉटल पिळायचा नाही. कारण काय तर म्हणे मशीनला ब्रेक असतो आणि उतारावरच्या अरुंद पट्ट्यांना नसतो. अहो, ब्रेक असला म्हणून काय लगेच दाबायचा?

त्या लोकांनी या प्रकरणाचा किती बाऊ केलाय पाहा. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी, त्या वर्षी त्यांच्यामागे दुसरे व्याप कमी नसताना, सरकारी जमिनीवर अशा वाहनांचा आणि इतर लोकांचा संघर्ष कमीत कमी राहील अशी व्यवस्था करा असा आदेश काढला. २०१५ मध्ये तिथल्या वन खात्याने नियम केला की पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय जंगलात मशीन कुठे चालेल ते नकाशावर दाखवायचं. नकाशात नाही तिथे बंदी. यलोस्टोन या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात तर हद्द झाली. तिथे जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचा धूर थंड, स्थिर हवेत प्रवेशद्वाराशी असा साचायचा की २००० नंतरच्या एक-दोन हिवाळ्यांत नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांवर श्वसनाचे मुखवटे घालायची वेळ आली. आता तिथे कमी धुराची, कमी आवाजाची मशीन लागते आणि एका गटात दहाहून जास्त चालत नाहीत. आपल्याकडे एका लग्नाच्या वरातीत याहून जास्त फटफट्या असतात, आणि मुखवटा कोणी मागत नाही.

याहून मजेदार म्हणजे त्यांनी यावर अभ्यासही केले. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना विचारण्यात आलं: तुम्हाला दुसऱ्याचा त्रास होतो का? स्कीवाल्यांनी मशीनवाल्यांबद्दल भरभरून तक्रारी केल्या. मशीनवाल्यांना स्कीवाल्यांचा फारसा त्रास नव्हता. यावरून मशीनवाले किती सहनशील आणि मनमोकळे असतात हे सिद्ध होतं. शांतता मोडायला आवाज लागतो आणि आवाज मोडायला शांतता पुरत नाही, असली पुस्तकी कारणं कोणी सांगू लागलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. तुम्ही म्हणायचं: ‘आमची काहीच तक्रार नाही, त्यांनीही यावं.’ ते दोन-तीन वर्षं येतात. मग यायचे बंद होतात. मग वाटेवर भांडणच उरत नाही आणि सहजीवन यशस्वी झाल्याचं जाहीर करता येतं.

जाताजाता एक खबरदारी. हा विचार इंदूरला परत आणू नका. जानेवारीत पहाटे तुम्ही मफलर गुंडाळून रेसिडेन्सीच्या बाजूला फिरायला जाता, आणि एखादा पोरगा सायलेन्सर फोडलेली बुलेट तुमच्या कोपराला घासून नेतो, तेव्हा जागा सगळ्यांची नसते. तेव्हा ती ज्येष्ठांची असते. महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर तक्रार टाका, फोटोसकट.

स्कीवाल्यांनाही थोडं मार्गदर्शन केलं पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी झाला म्हणतील. त्यांनी कानात दोन्ही बाजूंनी गाणी लावावीत, आंधळ्या वळणापलीकडे थांबून फोटो काढावेत, आणि मशीन आली की दोघांनी डावीकडे आणि तिघांनी उजवीकडे पळावं. स्नोशूवाल्यांनी स्कीच्या खाचांतूनच चालावं. नुसते बूट घालून गेलं तर उत्तमच. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, रात्री ते भोक गोठतं आणि सकाळी पहिल्या स्कीवाल्याची पट्टी त्यात बरोबर अडकते. शांततेवर बोलताना आवाज चढवावा. आपण इथवर डिझेलच्या टॅक्सीतून आलो हे कोणाला सांगू नये.

आवाजाने हिमस्खलन होतं अशी भीती कोणी घातली तर घाबरू नका, तो समज खोटा आहे. हिमस्खलन बहुतेक वेळा वजनाने सुटतं, तेही साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर, जिथे ताज्या थराखाली कच्चा थर दडलेला असतो. म्हणजे तुमच्या इंजिनावरचा आरोप फुसका आहे. अडीचशे किलोंचं बघून घ्या. शहाणे लोक अशा चढावर एकेक जण चढतात आणि बाकीचे सुरक्षित जागी थांबून पाहतात. आपल्याकडे घरातला एक जण पुढे गेला आणि बाकी मागे थांबले, असं कधी झालंय का?

गटाने जाणाऱ्यांसाठी हातांच्या खुणाही आहेत. समोरून कोणी आलं की जितक्या मशीन मागे आहेत तितकी बोटं दाखवायची, सर्वांत शेवटच्याने बंद मूठ. पण बोटांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मधले भावोजी वाटेत चहाला थांबलेले असतात.

शेवटी, मशीन रुतणार आहे, हे गृहीत धरा. वाट सोडून मऊ बर्फात शिरून थांबलात की ती हळूहळू बसायला लागते. अशा वेळी उतरून पट्ट्याभोवतीचा बर्फ मोकळा करावा, पुढचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा आणि मशीन बाजूला कलवून काढावी, असं जाणकार सांगतात. तुम्ही थ्रॉटल पूर्ण पिळा. पट्टा जागच्या जागी फिरतो, खाली खणत जातो, आणि पाच मिनिटांत सीटपर्यंत काम होतं. मग हात वर करून हाक मारा. मघाशी ज्यांच्या अंगावर बर्फ उडवला होता तेच येतील, कारण तेवढ्या आतपर्यंत येऊ शकणारे तेच असतात. ते पट्ट्या काढतील, फावडं काढतील, कंबरभर बर्फात उभे राहून खणायला लागतील. तुम्ही मुळीच उतरू नका, बूट भाड्याचे आहेत. वर बसूनच त्यांना ‘जरा डावीकडून जोर लावा’ म्हणून सांगत राहा, आणि वहिनींना सांगा, व्हिडिओ आडवा घ्या म्हणावं, माणसं सगळी यायला हवीत.