एफएमला नुसती लांब तार लावून काही होत नाही

"रेडिओ लागत नाही? तांब्याची तार जितकी लांब तितकं स्टेशन क्लिअर, नायतर बूस्टर घ्या, पण छपरावर अँटेना लावू नका, वीज ओढून घेतो." हा मेसेज परत सगळीकडे फिरतोय, आणि गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या ज्या लोकांना खरंच अँटेनाची गरज आहे तेच तो वाचून नाद सोडतात, म्हणून लिहितोय.

तारेचं म्हणणं मिडियम वेव्हला लागू आहे. पणजी आकाशवाणीच्या १२८७ किलोहर्ट्झची एक लाट सव्वादोनशे मीटरहून लांब, तिथे लांब तार कामाला येते. पण पणजीच्याच १०५.४ एफएमची लाट तीन मीटरपेक्षाही कमी, तिला अर्ध्या लाटेचा डायपोल पुरतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, एकेक साधारण ६८ सेंटिमीटर, एका रेषेत, मधे बोटभर फट, एका नळीला केबलची मधली तार आणि दुसरीला जाळी, झालं. डिशची जुनी केबल पडून असेल तर तीच घ्या, ती ७५ ओहमची असते आणि डायपोलचे ओहमही जवळपास तेवढेच. दांड्याची टोकं स्टेशनकडे करायची नाहीत, बाजू करायची. वाळपईहून पणजी पश्चिमेला, तर दांडा दक्षिणोत्तर लावा, मग एकदा उभा करूनही बघा, जे साफ ऐकू येईल ते ठेवा.

खरा फरक पडतो उंचीने, म्हणून अँटेना छपरावर पाइप उभा करून त्यावर लावायचा. एफएम साधारण सरळ रेषेत जातं, त्यात डोंगर आडवा, घराच्या भिंती जाड चिऱ्याच्या आणि वर पत्रे, मग आत ठेवलेल्या रेडिओपर्यंत पोचणार काय?

बूस्टरचं तर सोडाच. जे आत येतं तेच तो मोठं करतो, एलईडी बल्बची नि चार्जरची खरखरसुद्धा. पणजीच्या जवळपास राहणाऱ्यांकडे तर सिग्नल आधीच जोरात, तिथे बूस्टरने स्टेशनं एकमेकांत मिसळतात.

आता वीज. आजूबाजूला एवढे उंच माड असताना छपरावरचा छोटा पाइप वीज बोलावून आणत नाही. पण जवळ कुठे पडली तर केबलमधून झटका आत येऊ शकतो हे खरं, म्हणून पाइपला इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंग करून घ्या आणि मे महिन्यात नि ऑक्टोबरात आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच केबल रेडिओतून काढून बाहेर टाका. अँटेना माडाला तर बांधूच नका, तो वाऱ्यावर हलतो आणि वीजही त्याच्यावरच जास्त पडते.

मला राग येतो तो याचा, की मेसेजमध्ये खऱ्या धोक्याचा एक शब्द नाही. आपल्याकडे वाड्यावाड्यात लाइनच्या तारा छपराला लागून गेलेल्या असतात आणि पाइप उभा करताना तो तोल जाऊन तारेवर पडला तर धरणारा माणूस जागेवर जातो. पाइप कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपासून लांबच राहील अशी जागा नसेल, तर तिथे अँटेना लावू नका, आणि पावसात शेवाळ धरलेल्या कौलांवर तर चढूच नका.